बदल बारावा

१

कुरियरने पत्र आणून दिलं तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. त्याने ते उघडलं आणि त्याला आधी मजकूर दिसलाच नाही. स्वल्पविराम दिसले. बत्तीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेली होती. नोकरी सुटली तरी डोळ्यांची खोड सुटली नव्हती.

"आपल्या दिवंगत पत्नी , म्हणजे आमच्या मुख्य इंजिनियर , यांच्या निष्काळजीपणामुळे एक महत्त्वाची फाईल नाहीशी झाली असून , तसे आम्ही आज सायंकाळी पाच वाजता तक्रारदाराच्या वकिलांना कळवत आहोत. घरी प्रत असल्यास त्वरित आणून द्यावी."

खाली तिच्या कंपनीच्या मालकाची सही. प्रत्येक स्वल्पविरामाच्या आधी एक जागा मोकळी. त्याने पेन्सिल घेऊन तिन्ही ठिकाणी खूण केली, आणि मग मजकूर वाचला. निष्काळजीपणा हा शब्द त्याने तीनदा वाचला.

समोर फ्रिजच्या दारावर तिच्या हातचं कार्ड होतं. दूधवाल्यासाठीचं. "एक लिटर" खोडून "दीड लिटर" केलेलं आणि खाली बारीक अक्षरात, "बदललं, ४ जून." तिचं सगळं असंच. औषधाची वेळ बदलली तरी तारीख, उशीचा अभ्रा बदलला तरी तारीख. तो चिडवायचा, "माझं काही बदललं तर कपाळावर लिहिशील." ती म्हणायची, "तुमचं काय बदलतंय?"

तिला जाऊन आठ महिने झाले होते. दूध अजून दीड लिटरच येत होतं. उरलेलं तो शेजारच्या मांजरीला घालायचा. मांजर आता इतकी फुगली होती की जिना चढताना मध्ये बसून दम खायची.

घरी प्रत नव्हती. कामाचं काही ती घरी आणायचीच नाही. त्याने पत्र खिशात घातलं, चष्म्याची डबी घेतली आणि निघाला. पाच वाजायला सात तास होते.

२

कंपनी राउटर बनवायची. घरोघरी इंटरनेट पोचवणारे, दिवे लुकलुकणारे काळे डबे. मालक पूर्वी स्वतः इंजिनियर होता. आता तो केबिनमध्ये बसायचा. शेजारी विक्रीचा साहेब उभा होता. कंपनीत त्याला सगळे 'आत्ताच' म्हणायचे, कारण त्याला कुठलीही गोष्ट आत्ताच हवी असायची.

"तुम्ही बसा. पाणी घ्या," मालक म्हणाला. "मला वाईट वाटतं, पण इलाज नाही. एका गिऱ्हाइकाने सोर्स मागितला."

सोर्स म्हणजे काय ते त्याला ठाऊक होतं. तिने कधीतरी भाजी निवडता निवडता सांगितलं होतं. "अहो, डब्यातलं सॉफ्टवेअर काही सगळं आमचं नसतं. जगभरच्या लोकांनी लिहून मोकळं ठेवलंय. घ्या, बदला, विका. लायसन्समध्ये अटी दोनच म्हणा ना. तुमचा डबा घेणाऱ्याने मागितलं की सगळं लिखाण उघडून द्यायचं, ते जुळवायच्या कृतीसकट. आणि कशाला हात लावलात तर तिथेच लिहायचं, बदललं म्हणून, तारीख घालून." म्हणजे तारखांची खोड तिला लायसन्समुळे लागली, की लायसन्स तिच्या खोडीला जुळलं, हे त्याला कधी कळलं नाही.

"डिस्क काढली," मालक सांगत होता, "तर तीत बिल्ड फाईल नाही. सुटे भाग सगळे आहेत, पण ते कसे जुळवायचे हे सांगणारी फाईलच नाही. ती ताईंच्या कॉम्प्युटरवर होती. डिस्कमध्ये घालायची त्यांच्याकडून राहिली. मार्चमध्ये तो कॉम्प्युटर पुसून दुसऱ्याला दिला."

"दुसऱ्या कुठल्या डिस्कवर?"

"या मॉडेलची ही पहिलीच आवृत्ती. दुसरी डिस्क आणणार कुठून?"

"ती विसरली, असं म्हणता."

"आजारी होत्या हो. माणूसच आहे."

"मग पत्रात आजार लिहा. निष्काळजीपणा कशाला?"

मालकाऐवजी आत्ताच बोलला, "काका, लायसन्स मोडलं तर आमचा सॉफ्टवेअर वापरायचा हक्कच जातो. गोडाऊनमध्ये डबे भरलेत, त्यांचं काय करू, उशाला घेऊ? कुणीतरी चुकलं आणि आम्हाला पश्चात्ताप झालाय, एवढं तरी दिसायला नको?"

"कुणीतरी म्हणजे जे उत्तर द्यायला येणार नाही ते."

"तसं नाही..."

"पाच वाजताचं पत्र कुठे कुठे जाणार?"

"वकिलांकडे. आणि तक्रार इंटरनेटवर उघड्या पानावर लागलीय, तिथे. सगळ्यांना दिसेल."

तिचं नाव त्या मोकळ्या सॉफ्टवेअरच्या सत्तावीस फाईलींच्या माथ्यावर होतं. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं तिला तेवढ्यावरून ओळखत होती. गेल्यावर त्यांची पत्रं आली होती. आता तीच माणसं हे वाचणार होती.

"डिस्कमध्ये काय काय आहे त्याची यादी असेल," तो म्हणाला. "कागदावर काढून द्या. मला दुसरं काही येत नाही. वाचता येतं."

मालकाने खांदे उडवले. "वाचा. पाच वाजता पत्र जाईल."

३

यादी अकरा पानांची निघाली. त्याला बसायला जागा मिळाली सामानाच्या खोलीत, किल्लीबाईच्या टेबलाच्या कोपऱ्यावर. कपाटांच्या सगळ्या किल्ल्या हिच्या कमरेला असायच्या. चालली की आधी आवाज यायचा, मग ती यायची.

"डिस्क माझ्याच कपाटात असते, भाऊ," ती म्हणाली. "पण ती कोण नेतं त्याची नोंद नसते. मागेल त्याला द्यायची, असं ताईंनीच सांगितलेलं. मोकळी वस्तू आहे, म्हणायच्या. नोंद फक्त त्या पाकिटाची."

"कुठलं पाकीट?"

"शिक्क्याचं. कंपनीचा शिक्का म्हणतात त्याला. म्हणजे खरा शिक्का नव्हे, कागदावर लांबलचक अक्षरं नि आकडे आहेत. नवीन सॉफ्टवेअर तयार झालं की ती अक्षरं टाइप करायची, तरच डबा ते आपलं म्हणून घेतो. ताई दर वेळी सही करून पाकीट न्यायच्या नि संध्याकाळच्या आत परत आणायच्या." तिने रजिस्टरवर हात ठेवला. "एकदाच मालकांनी नेलं. सही करायला सांगितलं तर म्हणाले, घाई आहे. मग मीच लिहून ठेवलं. माझ्याच रजिस्टरात रिकामी ओळ कशी ठेवू?"

तो वाचायला बसला. एकेका ओळीवर पट्टी ठेवून, जसा जन्मभर वाचत आला तसा. बाराला सुरुवात केली. नावांचा अर्थ कळत नव्हता, पण प्रूफ वाचणाऱ्याला अर्थ लागत नाही. उलट अर्थ कळला की चुका निसटतात. एक वाजला. किल्लीबाईने डबा पुढे केला. त्याने दोन घास खाल्ले आणि हात पुसून पुन्हा पट्टी धरली.

यादीच्या माथ्यावर तिने लिहिलं होतं, "एकूण फाईली ३१२."

त्याने मोजल्या. तीनशे अकरा.

पुन्हा मोजल्या, शेवटाकडून. तीनशे अकरा.

माथ्याखाली बारीक टिपणं होती. कोडमधले शेरे ती आपल्याच भाषेत लिहायची. "बदलले, १९ जानेवारी." "बदलले, २८ जानेवारी." प्रत्येकापुढे तिच्या नावाचं अक्षर. तीस जानेवारीला ती दवाखान्यात गेली. एकोणीस फेब्रुवारीला तिथेच गेली.

आणि त्याखाली आणखी एक टिपण होतं. त्याच्यापुढे अक्षर नव्हतं.

"बदलले, ९ ऑक्टोबर."

त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. आज सोळा ऑक्टोबर होती.

४

"गिऱ्हाइकाचं पत्र कधी आलं?" त्याने विचारलं.

"आठला," किल्लीबाई म्हणाली. "नऊला शोधाशोध."

म्हणजे फाईल डिस्कमध्ये होती. तिने ती मोजून ठेवली होती. नऊ तारखेला कुणीतरी ती काढली, यादीतली ओळ काढली, आणि वर बदलल्याची नोंद केली.

हे त्याला चमत्कारिक वाटलं. चोर कधी लिहून ठेवतो का, मी चोरी केली म्हणून?

"आत्ताचसाहेबांना हे जमेल?" त्याने विचारलं.

"त्यांना? मागच्या आठवड्यात कॉम्प्युटर बंद पडला म्हणून बोंबलत होते. वायर निघाली होती पायाने."

"आणि मालक?"

"येतं त्यांना सगळं. पण मालक नि टिपण? ताईंचं नि त्यांचं त्यावरूनच वाजायचं. 'साहेब, हात लावलात तर लिहून ठेवा,' 'अहो ताई, कंपनी माझीच आहे.' दहा वर्षांत एकदा लिहिलं असेल तर शपथ."

मग उरला एकच. तिच्या हाताखाली शिकलेला. अंगाने बारीक, डोक्याने तीक्ष्ण, म्हणून सगळे त्याला टाचणी म्हणायचे. तिला तो ताई म्हणायचा, म्हणून याला भाऊजी. दवाखान्यात रोज संध्याकाळी यायचा, आणि काय बोलावं हे न सुचून फळं कापत बसायचा.

साडेतीनला तो टाचणीच्या टेबलापाशी गेला. टाचणीची नखं मुळापर्यंत कुरतडलेली होती.

"तिने तुला एक खोड लावली," तो म्हणाला. "चोरी करतानाही सुटली नाही."

त्याने यादी पुढे केली, नऊ ऑक्टोबरवर बोट ठेवून.

"हात आपोआप गेला, भाऊजी," टाचणी हळूच म्हणाला. "नंतर पुसायला गेलो, तर ताईंच्या टिपणांखालचं काही पुसवेना. नाव तेवढं घातलं नाही."

"आणि आकडा?"

"तीनशे बारा ताईंनी लिहिलं होतं. मी कसं खोडू?"

"फाईल पुसून टाकलीस?"

टाचणीने नकाराची मान हलवली. खुर्चीला अडकवलेल्या पिशवीत हात घालून, जेवणाच्या डब्याच्या खालून त्याने ती फाईल उतरवून ठेवलेली दुसरी डिस्क काढली.

"मग तिला निष्काळजी म्हणतायत तेव्हा तोंडात मिठाची गुळणी धरून का बसलास?"

टाचणीचे डोळे भरले. "कारण निष्काळजी हे कमी आहे, भाऊजी. शोधू नका म्हणायला मी सकाळीच तुमच्याकडे येणार होतो. यात जे आहे ते त्याहून वाईट आहे. आणि ते ताईंनीच केलंय."

५

पडद्यावर फाईल उघडली. टाचणीने एका ओळीवर बोट ठेवलं. लांबलचक अक्षरं आणि आकडे.

"हा शिक्का," तो म्हणाला. "पाकिटातला. ताई दर वेळी हाताने टाइप करायच्या. इथे तो सरळ फाईलमध्येच लिहून ठेवलाय. ही फाईल बाहेर गेली की शिक्का साऱ्या जगाच्या हातात. कुणीही उठावं, आमच्या नावाने वाटेल ते लिहावं, आणि लोकांच्या घरातले डबे ते मुकाट घेतील. लोकांची पत्रं, बँक, लहान मुलांचे फोन. सगळं उघडं."

"नुसती ही ओळ काढून द्यायची."

"काढली तर का काढली ते लिहावं लागेल. दुखण्यात झालं असेल त्यांच्याकडून. औषधांची गुंगी असायची. मी म्हटलं, फाईलच नको. विसरल्या म्हणतील. शिक्का उघड्यावर टाकला असं तरी कुणी म्हणणार नाही."

तो शेजारच्या खुर्चीवर बसला. शेवटच्या आठवड्यांत ती खरंच चुकायची. एकदा त्यालाच विचारलं होतं, "तुम्ही कुणाकडे आलात?" तो बाहेर जाऊन जिन्यात उभा राहिला होता. मग चुकली असेल का? सकाळपासून तो तिचं नाव वाचवायला धडपडत होता, आणि आपणच ते खड्ड्यात घालणार, असं त्याला वाटायला लागलं. डिस्क परत पिशवीत टाकायला सांगावी. गप घरी जावं.

भिंतीवर चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

"छापून दे," तो म्हणाला.

"भाऊजी..."

"पडद्यावर मला वाचता येत नाही. छापून दे."

चार पानं निघाली. त्याने पट्टी ठेवली. माथ्यावर टिपणं होती, एक ते अकरा. बदल पहिला, तारीख. बदल दुसरा, तारीख. अकरावा, अठ्ठावीस जानेवारी. खाली जिथे जिथे तिने हात लावला होता तिथे ओळीच्या शेवटी आकडा होता. चार. सात. सात. अकरा. तो एकेक आकडा माथ्याशी जुळवत खाली आला.

शिक्क्याच्या ओळीपुढे आकडा नव्हता.

"यापुढे का नाही?" त्याने विचारलं.

टाचणी वाकला. "राहिला असेल."

"उशीच्या अभ्र्यावर तारीख घालणारी बाई ती. दवाखान्यात, तिला माझं नाव आठवत नव्हतं त्या दिवशी, गोळीच्या पाकिटावर तिने वेळ बदलून तारीख घातली होती. ते पाकीट आहे माझ्याकडे. तिचं डोकं गेलं होतं. खोड नव्हती गेली."

मग त्याला त्या ओळीच्या वरचा शेरा दिसला. लहानसा, तीन शब्दांचा.

"तात्पुरते , नंतर काढणे."

त्याने तो वाचला नाही. बघितला. स्वल्पविरामाच्या आधीची ती रिकामी जागा बघितली. आणि खिशातलं सकाळचं पत्र काढलं.

६

पाचला वीस मिनिटं होती. केबिनमध्ये पत्र तयार होतं, आत्ताच पाठवायच्या घाईत होता. याच्यामागे टाचणी होता आणि टाचणीच्या मागे किल्ल्यांचा आवाज.

"फाईल सापडली," तो म्हणाला. "डिस्कमध्ये होती, तिने ठेवलेली. ती कुणी काढली ते हा सांगेल. का काढली तेही. पण आधी हे बघा."

त्याने छापलेलं पान मालकासमोर ठेवलं आणि शिक्क्याच्या ओळीवर पट्टी. मालकाने वाचलं. खुर्ची मागे सरकली.

"हे बाहेर गेलं असतं?"

"हा नसता तर आठवड्यापूर्वीच गेलं असतं."

"ताईंनी शिक्का फाईलमध्ये..."

"तिची शेवटची नोंद अठ्ठावीस जानेवारीची. या ओळीला नोंद नाही. म्हणजे तिच्यानंतर लिहिली. बाई, पाकिटाचं सांगा."

किल्लीबाईने रजिस्टर उघडलं. "सहा फेब्रुवारी. मालकांनी नेलं. सही नाही. मीच लिहिलंय."

"सहाला मी सॉफ्टवेअर पुढे पाठवलं, ते खरं," मालक म्हणाला. "ताई दवाखान्यात होत्या, हा रोज म्हणायचा आत्ताच पाहिजे, आत्ताच पाहिजे. म्हणून लगेच ओळ मीच लिहिली असं होत नाही. या पोराने लिहिली असेल."

टाचणीने मान वर केली.

"हे तुमचं पत्र," तो म्हणाला, आणि कागद पट्टीशेजारी ठेवला. "यात तीन स्वल्पविराम आहेत. मी सकाळी तिन्हींवर खूण केलीय. तुम्ही आधी जागा सोडता आणि मग स्वल्पविराम देता. बत्तीस वर्षांत अशी माणसं मी सात-आठ पाहिली. त्यांना सांगून उपयोग नसतो, बोटच तसं पडतं. आता हा शेरा बघा."

मालकाने बघितलं. एकदा पत्राकडे, एकदा पानाकडे.

"सहा वेळा चुकलं टाइप करताना," शेवटी मालक म्हणाला. आवाज पार खाली गेला होता. "एक अक्षर चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. म्हटलं, तात्पुरतं लिहून ठेवू. मग ताई गेल्या, आणि... मी विसरलो. देवाशपथ विसरलो. मला वाटलं ती फाईल त्यांच्याच कॉम्प्युटरवर राहिली; डिस्क तेव्हा तिथेच जोडलेली होती आणि बदल तिच्यावरही आपोआप उतरला, हे ध्यानातच आलं नाही."

"तुम्ही विसरलात," तो म्हणाला, "त्याला विसरणं म्हणता. ती विसरली असं वाटलं, त्याला निष्काळजीपणा."

आत्ताचने घड्याळाकडे बघितलं. "पण आता करायचं काय? पाच वाजतील."

टाचणी पहिल्यांदा मोठ्याने बोलला. "आधी शिक्का बदलायचा. सगळ्या डब्यांना नवा शिक्का पाठवायचा, जुना बाद. त्याला तीन दिवस लागतील. मग ओळ काढून पूर्ण सोर्स द्यायचा. शिक्का द्या असं कुणी मागितलेलं नाही, कृती मागितलीय."

"तीन दिवस देतील ते?"

"खरं सांगितलं तर देतील," टाचणी म्हणाला. "ताई म्हणायच्या, या लोकांना उशीर चालतो. लपवालपवी चालत नाही."

मालकाने पत्र फाडलं आणि नवीन लिहायला घेतलं. दोनदा थांबला. तिकडे टाचणीने फाईलच्या माथ्यावर टाइप केलं, "बदल बारावा, १६ ऑक्टोबर. चुकून आलेली ओळ काढली." आणि पुढे आपलं अक्षर.

त्याने वाकून वाचलं. "चुकून आलेली? ओळ चालत आली का?"

टाचणीने मालकाकडे बघितलं. मालकाने लिहायचं थांबवलं. मग उठला, टाचणीला बाजूला सारून स्वतः बसला आणि एका बोटाने टाइप केलं.

"६ फेब्रुवारीला मी घातलेली , नोंद न केलेली ओळ काढली." आणि स्वतःचं पूर्ण नाव.

"ठीक?" मालकाने विचारलं.

"स्वल्पविरामाआधी जागा नको," तो म्हणाला.

७

घरी आला तेव्हा अजून उजेड होता. टाचणीचा फोन येऊन गेला होता. वकिलांनी तीन दिवस दिले होते आणि पत्रात तिच्याविषयी एक ओळ होती, ती त्याने वाचून दाखवली. "या फाईलीत त्यांची प्रत्येक नोंद बरोबर आहे." टाचणीला अजून नोकरी होती. मालक त्याच्याशी बोलत नव्हता, एवढंच.

त्याने चहा टाकला. पातेल्यात सवयीने दोन कप पाणी गेलं. तो फ्रिजच्या दाराशी उभा राहिला.

दिवसभर तो तिच्या नोंदी वाचत होता आणि एक गोष्ट त्याच्या मनात टोचत होती. ज्याने बदल केला त्याने तो लिहायचा असतो. न लिहिता ठेवला की तो कुणाच्या तरी दुसऱ्याच्या नावावर जातो.

पेन्सिल घेऊन त्याने "दीड लिटर" वर एक सरळ रेघ मारली, प्रुफात मारतात तशी, खालचं अक्षर वाचता येईल अशी. बाजूला लिहिलं, "अर्धा लिटर." हात थांबला. मग खाली, तिच्या बारीक अक्षराखाली, त्याने आपल्या मोठ्या अक्षरात लिहिलं.

"बदललं, १६ ऑक्टोबर."

आणि पुढे आपल्या नावाचं अक्षर घातलं.

दाराबाहेर मांजर येऊन बसली होती. तिला अजून काही माहीत नव्हतं.